एअर सस्पेन्शनच्या झिजलेल्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती : कारणमीमांसा व कार्यपद्धती
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

१. प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही महागड्या एसयूव्ही गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच गाड्या पुण्या-मुंबईत काही वर्षे वापरून झाल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. या गाड्यांपैकी अनेकांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे सस्पेन्शन असते. गाडी जुनी झाली की एखाद्या सकाळी ती एका अंगाने जमिनीकडे झुकलेली आढळते, समोरच्या पटलावर इशारा उमटतो आणि मालकाला सांगण्यात येते की, ‘कॉम्प्रेसर गेला.’ मग नवा कॉम्प्रेसर बसवला जातो. काही महिन्यांनी तोही जातो.

प्रस्तुत लेखकाने परभणी शहरातील एका गॅरेजमध्ये अशीच एक गाडी पाहिली. तिचा कॉम्प्रेसर दीड वर्षात दोनदा बदलला होता व तिसऱ्याची तयारी चालू होती. मागच्या उजव्या चाकावरील रबरी बलूनच्या घडीत एक बारीक चीर होती, तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नव्हते. साबणाच्या पाण्याने ती पाच मिनिटांत सापडली. दोन कॉम्प्रेसरांचा खर्च त्या चिरेपायी झाला होता.

कॉम्प्रेसरची झीज हा बहुतेक वेळा मूळ दोष नसून अन्यत्र असलेल्या दोषाचा परिणाम असतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. हे समजून घेण्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकापलीकडचे नाही. म्हणूनच हा विषय केवळ मेकॅनिकांचा न राहता महाविद्यालयीन अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) एअर सस्पेन्शनची रचना व कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
२) कॉम्प्रेसर झिजण्याच्या कारणांची मीमांसा करणे.
३) निदान व दुरुस्तीचा योग्य क्रम मांडणे.
४) परभणी जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात दुरुस्ती-कौशल्याचा विचार करणे.

३. पार्श्वभूमी

हवेच्या स्प्रिंगची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत तिचा व्यापक वापर सुरू झाला व १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहम या मोटारीतही ती आली. १९९२ मध्ये रेंज रोव्हरवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे एअर सस्पेन्शन उपलब्ध झाले. पुढे उंच बांध्याच्या आलिशान गाड्यांत ही व्यवस्था रूढ होत गेली.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार व लँड रोव्हर हे उद्योग विकत घेतले आणि २०११ पासून पुण्यात लँड रोव्हर गाड्यांची जुळणी सुरू झाली. मर्सिडीज-बेंझचा कारखाना चाकणला आहे. ऑडीची क्यू-७ ही गाडी तर मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत जुळवली जाते. म्हणजे जी गाडी परभणीपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर जोडली जाते, तिचा बिघाड ओळखणारा माणूस परभणीत मिळणे अवघड जाते.

आपल्याकडील बहुतेकांचा एअर सस्पेन्शनशी पहिला परिचय राज्य परिवहन महामंडळाच्या शिवनेरीसारख्या बसमधून झाला. तथापि बस आणि एसयूव्ही यांच्या कॉम्प्रेसरमध्ये मूलभूत फरक आहे. बसमधील कॉम्प्रेसर सामान्यतः इंजिनावर चालतो, इंजिनाच्या तेलाने वंगण घेतो आणि ब्रेकलाही हवा पुरवतो. तो दीर्घकाळ चालण्यासाठीच घडवलेला असतो. एसयूव्हीमधील कॉम्प्रेसर हा बारा व्होल्टच्या विद्युत मोटारीवर चालणारा, तेलाविना काम करणारा छोटा पंप असतो. त्याने थोडा वेळ चालावे व बराच वेळ विश्रांती घ्यावी, अशीच त्याची योजना असते. बसच्या अनुभवावरून एसयूव्हीचा कॉम्प्रेसर हाताळणारा कारागीर येथेच फसतो.

४. रचना व कार्यतत्त्व

या व्यवस्थेत पुढील घटक असतात : चार चाकांवरील रबरी बलून, हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवेतील ओलावा शोषणारा ड्रायर, दाबाखालील हवा साठवणारी टाकी, हवा हव्या त्या बलूनकडे वळवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे सेन्सर आणि या सर्वांवर देखरेख करणारे नियंत्रण एकक.

पोलादी स्प्रिंगवर भार वाढला की ती दबते व गाडी खाली बसते. हवेच्या बलूनमध्ये मात्र भार वाढल्यावर दाब वाढवून उंची पूर्ववत ठेवता येते. उदाहरणार्थ, एका चाकाच्या बलूनवर ६०० किलो भार असून बलूनचे प्रभावी क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर आहे असे मानू. तर आतील दाब प्रति चौरस सेंटिमीटर ७.५ किलो असावा लागेल. माणसे व सामान मिळून त्या चाकावर आणखी १२० किलो भार आला, तर तोच दाब ९ किलो करावा लागेल. ही वाढीव हवा पुरवणे हे कॉम्प्रेसरचे काम होय. मोटारीच्या टायरमधील दाब साधारणतः सव्वादोन ते अडीच किलो असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या छोट्या पंपावर केवढा ताण असतो याची कल्पना येते.

५. झिजण्याची कारणमीमांसा

५.१ उष्णता : वायू झपाट्याने दाबला की तापतो. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते, ते याच कारणाने. बाहेरची हवा २५ अंश सेल्सिअस असताना ती उष्णता बाहेर न जाऊ देता दहापट दाबापर्यंत दाबली, तर समोष्म प्रक्रियेच्या सूत्रानुसार तिचे तापमान सुमारे ३०० अंशांपर्यंत जाईल. बाहेरची हवा ४० अंश असेल तर हाच आकडा ३३० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे बाहेरच्या पंधरा अंशांच्या फरकाचे आत जवळजवळ तीस अंश होतात. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंतींतून बरीच उष्णता निघून जाते, त्यामुळे तापमान एवढे चढत नाही. परंतु सतत चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या भिंतीच तापलेल्या असतात व उष्णतेला वाट उरत नाही.

पिस्टनवरील रिंग टेफ्लॉनयुक्त पदार्थाची असते. टेफ्लॉन दीर्घकाळ सहन करू शकेल अशी तापमानाची मर्यादा सुमारे २६० अंश आहे. म्हणून ठरावीक तापमान गाठताच नियंत्रण एकक कॉम्प्रेसर बंद करते. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत थांबण्याची ही वेळ लवकर येते आणि ‘गाडी दुपारी उचलत नाही, रात्री उचलते’ अशी तक्रार ऐकू येते. ही तक्रार पुष्कळदा रिंग झिजू लागल्याची पहिली खूण असते.

५.२ ओलावा : ३० अंश तापमानाची संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धारण करते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना हे प्रमाण सुमारे २४ ग्रॅम असते. ही हवा दाबून तिचे आकारमान एकदशांश केले व ती पुन्हा ३० अंशांवर आली, तर तीत केवळ ३ ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेल्या २१ ग्रॅमचे पाणी होते. पंक्चरच्या दुकानात टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी सोडतात, ते हेच.

गाडीत हे पाणी अडवण्यासाठी ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. हे दाणे कालांतराने भरून जातील अशी शंका येणे साहजिक आहे. त्यावर योजलेला उपाय मोठा सुंदर आहे. गाडी खाली घेताना बलूनमधील कोरडी हवा याच ड्रायरमधून उलट दिशेने बाहेर सोडली जाते. दाब कमी होताच ती प्रसरण पावते, तिची बाष्प धारण करण्याची क्षमता वाढते आणि जाता जाता ती दाण्यांतील ओलावा घेऊन जाते. अशा रीतीने ड्रायर स्वतःला पुनःपुन्हा कोरडा करीत राहतो.

५.३ गळती : आता बलूनला चीर पडली तर काय होईल ते पाहू. हवा चिरेतून परस्पर बाहेर जाते, ड्रायरमधून परतत नाही. आत येणारी प्रत्येक हवा ओलावा ठेवून जाते आणि तो परत नेणारी हवाच उरत नाही. दाणे ओले होतात, फुटतात व त्यांची पांढरी भुकटी व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. दुसरीकडे गळालेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो. निरोगी गाडीत तो दिवसाला दोन मिनिटे चालतो आणि गळतीमुळे बारा मिनिटे चालू लागला असे मानले, तर दहा वर्षांची झीज वीस महिन्यांत होईल. तापमानामुळे वाढणारी झीज यात धरलेलीच नाही.

थोडक्यात, गळती ही एकाच वेळी पिस्टनची रिंग आणि ड्रायर या दोहोंचा नाश करते. रिंग झिजली की दाब कमी पडतो, दाब कमी पडला की कॉम्प्रेसर आणखी वेळ चालतो आणि हे चक्र मोटार जळेपर्यंत थांबत नाही.

५.४ स्थानिक कारणे : परभणी जिल्ह्याची जमीन प्रामुख्याने काळी व चिकण आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात. बलूनची घडी सतत उघडत-मिटत राहते व घडीत अडकलेली माती रबर घासते. कापसाच्या हंगामात मानवत, सेलू परिसरातील जिनिंगजवळच्या हवेत तंतू व धूळ असते. हवा आत घेणारी गाळणी कोंदली की कॉम्प्रेसरला श्वास घेणेही जड जाते.

६. निदानाचा क्रम

कॉम्प्रेसरला हात लावण्यापूर्वी पुढील तपासण्या करणे आवश्यक आहे.

अ) उंचीची नोंद : सायंकाळी गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे व सकाळी पुन्हा मोजावे. काही गाड्यांत नियंत्रण एकक रात्री अधूनमधून जागे होते आणि खाली बसलेल्या कोपऱ्याच्या पातळीवर इतर कोपरे आणते. त्यामुळे दोष नेमका कोठे आहे ते लपते. म्हणून सायंकाळी सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा. एकच कोपरा बसला असेल तर तेथील बलून, नळी किंवा जोड, आणि अनेक कोपरे बसले असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉक संशयित ठरतो. रात्रभर गाडी मुळीच न बसता सकाळी केवळ उचलण्यास वेळ लागत असेल, तरच कॉम्प्रेसरवर पहिला संशय घ्यावा.

आ) साबणाचे पाणी : गाडी शक्य तितकी उंच करून, घड्या उघडल्यावर बलून, जोड व नळ्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे दिसले तेथे गळती समजावी.

इ) विद्युत तपासणी : फ्यूज, रिले व वायरचे जोड पाहावेत. रिलेची टोके एकमेकांस चिकटली तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. अशा वेळी निर्दोष कॉम्प्रेसरही जळतो.

ई) दोषसंकेत : स्कॅनर लावून साठवलेले संकेत वाचावेत. ‘दाब वाढण्यास फार वेळ लागला’ अशा अर्थाचा संकेत म्हणजे कॉम्प्रेसरविरुद्धचा निकाल नव्हे. गळतीमुळेही तोच संकेत येतो.

७. दुरुस्तीची कार्यपद्धती

७.१ सुरक्षितता : हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. हवा गेली की गाडी एका क्षणात खाली येते. गाडी उचलण्यापूर्वी सस्पेन्शन जॅकच्या स्थितीत टाकावे, सांगाड्याखाली घोड्या लावाव्यात, स्कॅनरच्या साहाय्याने हवा सोडावी आणि बॅटरीचे टोक काढूनच नळ्या सोडवाव्यात. नळीत उरलेला दाबही डोळ्यास इजा करू शकतो.

७.२ उघडणे व पाहणे : कॉम्प्रेसर बाहेरून पूर्ण स्वच्छ करूनच उघडावा. ड्रायर वेगळा करून दाणे कागदावर ओतावेत. हेड काढल्यावर रिंग व सिलिंडरचा बोअर दिसतो. रिंग झिजून पातळ झालेली असेल व बोअर गुळगुळीत असेल, तर दुरुस्ती लाभदायक ठरते. बोअरवर नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर नवी रिंगही थोड्याच दिवसांत झिजेल. तेव्हा सिलिंडरही बदलावा लागतो.

७.३ रिंग बसवणे : रिंग त्याच मापाची व त्याच जातीच्या पदार्थाची हवी. रबरी ओ-रिंग सर्व नव्या घालाव्यात व त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. येथे एक चूक वारंवार होते. सवयीने सिलिंडरमध्ये तेल सोडले जाते. हा पंप तेलाविना चालण्यासाठीच घडवलेला आहे. तेल हवेबरोबर पुढे जाऊन ड्रायरच्या दाण्यांवर बसते, त्यांची शोषणशक्ती नष्ट करते आणि व्हॉल्व्हमधील रबरालाही अपाय करते. दोन थेंब तेलाने आज आवाज कमी होईल. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागेल.

७.४ ड्रायर : दाणे केवळ ओले असतील तर ते कोरडे करता येतात. सिलिका जेलसाठी सुमारे १२० अंशांवर काही तास पुरतात. ‘मॉलिक्युलर सीव्ह’ प्रकारच्या दाण्यांना मात्र २०० अंशांहून अधिक तापमान लागते. दाण्यांची भुकटी झाली असेल तर ते बदलणेच इष्ट. भुकटी निघाल्यास हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, नळ्या व व्हॉल्व्ह ब्लॉकही साफ केले पाहिजेत. अन्यथा तीच भुकटी नव्या भागांत जाते.

७.५ जुळणी व चाचणी : हवेची गाळणी नवी घालावी. रिले जुना असल्यास तोही त्याच वेळी बदलावा. कॉम्प्रेसर ज्या रबरी आधारांवर बसतो ते फाटले असतील तर बदलावेत. जुळणीनंतर दोषसंकेत पुसून गाडी खालपासून वरपर्यंत उचलण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा व लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तोच वेळ पुन्हा मोजला की झिजेचा अंदाज येतो. उंचीचे सेन्सर काढले असतील तर त्यांचे अंशशोधन करावे. आणि शेवटी, रात्रभराची उंचीची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

७.६ दुरुस्तीची मर्यादा : मोटारीच्या बेअरिंगला खेळ आला असेल, आतील तारांचे वेढे जळाले असतील किंवा पाणी शिरून सांगाडा गंजला असेल, तर कॉम्प्रेसर बदलणेच योग्य. काही ठिकाणी बलून काढून पोलादी स्प्रिंग बसवतात. तो मार्ग स्वस्त वाटतो. परंतु गाडीची उंची, धक्काशोषक आणि नियंत्रण एकक यांचा मेळ बिघडतो, हे मालकास आधी सांगितले पाहिजे.

८. परभणी जिल्हा आणि दुरुस्तीचे कौशल्य

अशा गाड्यांच्या दुरुस्तीसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. खाली बसलेली गाडी चालवत नेणे धोक्याचे असल्याने ती वाहनावर लादून न्यावी लागते. स्थानिक गॅरेजमध्ये हातांचे कौशल्य निश्चित आहे. कमी आहे ती माहिती, स्कॅनर व सुट्या भागांची उपलब्धता.

हा प्रश्न केवळ परभणीचा नाही. शमशेर कटारिया विरुद्ध होंडा सियल या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग व निदानाची साधने मिळू न देणे हा स्पर्धेस बाधक व्यवहार असल्याचे आयोगाने म्हटले. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाचे पोर्टल सुरू केले असून त्यात मोटार वाहनांचाही समावेश आहे. परंतु अधिकार मिळाल्याने कौशल्य येत नाही. सुटा भाग हाती आला तरी तो कशामुळे झिजला हे न कळणारा कारागीर तो पुनःपुन्हा बदलतच राहील.

येथे महाविद्यालयांची भूमिका येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरिष्ठ महाविद्यालयातील भौतिकशास्त्र यांची आपल्याकडे गाठ पडत नाही. एकीकडे हात आहेत, दुसरीकडे सूत्र आहे. निकामी झालेला एक कॉम्प्रेसर भंगाराच्या भावात मिळू शकतो. तो प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडून ठेवला, तर बॉइलचा नियम, समोष्म प्रक्रिया, सापेक्ष आर्द्रता व घर्षण हे चार घटक एकाच वस्तूवर शिकवता येतील. त्या तासाला शहरातील दोन-चार मेकॅनिकांना बोलावले, तर शिकणे दोन्ही बाजूंनी होईल.

९. निष्कर्ष

१) कॉम्प्रेसरची झीज हा बहुधा गळतीचा परिणाम असतो. गळती शोधल्याविना कॉम्प्रेसर बदलणे म्हणजे खर्चाची पुनरावृत्ती होय.
२) गळतीमुळे कॉम्प्रेसर जास्त चालतो व ड्रायरचे स्वतःला कोरडे करणे थांबते, म्हणून दोन्ही एकत्रच तपासले पाहिजेत.
३) बोअर व मोटार सुस्थितीत असल्यास रिंग, ओ-रिंग, दाणे, गाळणी व रिले बदलून कॉम्प्रेसर पुन्हा उपयोगात आणता येतो.
४) परभणीतील उन्हाळा, धूळ व काळ्या जमिनीवरील रस्ते लक्षात घेता बलूनची वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, तपासणी व्हावी.
५) औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांचे विज्ञान विभाग यांनी दुरुस्ती-कौशल्याच्या क्षेत्रात एकत्र यावे.

लेखाच्या आरंभी उल्लेख केलेल्या गाडीचा चिरलेला बलून बदलण्यात आला. दुसऱ्या वेळचा कॉम्प्रेसर उघडला असता त्याचा बोअर निर्दोष आढळला. नवी रिंग व नवे दाणे घालून तोच पुन्हा बसवला आणि तिसऱ्या कॉम्प्रेसरची मागणी रद्द झाली. त्या मेकॅनिकने आता गॅरेजच्या भिंतीवर खडूने एक ओळ लिहून ठेवली आहे : ‘आधी साबणाचे पाणी, मग पाना.’ प्रस्तुत लेखात जे सविस्तर मांडले, त्याचे सार त्या ओळीत आहे.